भासऱ्याचं नाव

पंचफुला कुणाला माफ करणाऱ्यांतली नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी ती डोळे पुसून सगळ्यांच्या गळ्यात पडेल या आशेवर कुणी बसणार नाही. आपल्याकडे बाईवर लिहायचं म्हटलं की तिला सोशिक करायची एक खोडच आहे. पंचफुलाला थांबता यायचं, एवढं खरं. थांबलेल्या बाईला लोक सोशिक समजतात आणि मग फसतात.

नागपूरच्या धंतोलीत आमच्या घरामागच्या गल्लीत तिची खानावळ होती. खानावळ म्हणजे काय, तर टिनाचं छप्पर, दोन बाकं, एक चूल आणि पंचफुला. दवाखान्यांत यवतमाळ, चंद्रपूर, भंडाऱ्याकडून रोगी यायचे. एक रोगी आला की त्याच्यासोबत घरची चार माणसं, आणि ती चार माणसं डॉक्टरच्या फीपेक्षा जेवणाच्या काळजीने अर्धमेली. त्यांना पंचफुला ज्वारीची भाकर, डाळभाजी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा वाढायची. कुणी ताटाकडे बघत सुस्कारे टाकायला लागला की म्हणायची, "जेवतं का गा, का पाहूनच राहिला? तू उपाशी राहिल्यानं तुह्या बापाचा मुतखडा पडन का?"

रोग्यांचे डबे ती स्वतः नेऊन द्यायची. वॉर्डाच्या दारात उभी राहून नाव घेऊन हाक मारायची, "ताराचंद शेंडे, डबा!" सगळा वॉर्ड दचकायचा. नर्सा चिडायच्या, पण तिचा डबा चुकून दुसऱ्याच्या खाटेवर गेलाय असं कधी झालं नाही.

अशी ही खणखणीत बाई दोन नावं मात्र उच्चारत नसे. एक सासऱ्याचं, दुसरं भासऱ्याचं. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्या विदर्भातल्या शेतकरी घरांत धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्याशी बोलायचं नाही, तो आला की पदर ओढून भिंतीकडे तोंड करायचं, आणि त्याचं नाव तर जिभेवरही येऊ द्यायचं नाही. एकदा रेशनकार्डासाठी मी तिच्याबरोबर गेले होते. कारकुनाने विचारलं, "सासऱ्याचं नाव?" ही गप्प. भिंतीवर शंकराचं कॅलेंडर होतं, त्याकडे बोट दाखवलं. कारकून म्हणाला, "शंकरराव?" हिने मान हलवली आणि परत बोट दाखवलं. "भोलानाथ?" रांगेतले लोक हसायला लागले. शेवटी मीच ओरडले, "महादेवराव! महादेवराव भोयर! लिहा आता." पचमढीच्या महादेवाच्या यात्रेलासुद्धा ती 'डोंगरावरच्या देवाले' जायची. मला या असल्या गोष्टींचा मनस्वी राग येतो. तिला म्हटलं, "अगं, नाव घेतल्याने माणूस मरतो का?" ती म्हणाली, "मेला असता तं कवाच घेतलं असतं, बाई."

हे ती सासऱ्याबद्दल बोलत नव्हती. सासरा बिचारा केव्हाच गेला होता. भासरा जिवंत होता. रुपराव भोयर, काटोलकडच्या एका गावचा माजी सरपंच, संत्र्याच्या बागेचा मालक.

रुपरावाने काय केलं ते तिने मला एकदाच सांगितलं, तूर निवडता निवडता, सुपावरची नजर न काढता. तिचा नवरा चंद्रभान खापरखेड्याला वीजघरात नोकरीला होता. त्रेसष्ट साली काविळीने गेला. पोरगी शामला सहा वर्षांची. पंचफुला कामासाठी नागपुरात आली आणि शामला गावी मोठेबाबांच्या, म्हणजे रुपरावाच्या घरी वाढली. रुपरावाने तिला बरं वागवलं, हे पंचफुलाही नाकारत नसे. पोरगी त्याच्यावर जीव टाकायची. पंचाहत्तर साली तिचं लग्न त्यानेच आपल्या अंगणात मांडव घालून लावून दिलं.

विधवेने मांडवात पुढे पुढे करायचं नाही, हे पंचफुलाला ठाऊक होतं. ती आपणहून कोठीच्या खोलीत, धान्याच्या पोत्यांत जाऊन बसली. कन्यादान रुपराव आणि त्याची बायको भागीरथा यांनी केलं, त्यावरही हिची तक्रार नव्हती. एवढंच मागितलं होतं, की पोरगी सासरी निघेल तेव्हा दाराच्या आडून तिला पाहीन. भागीरथा हो म्हणाली होती.

"मंग बँड वाजाले लागला," पंचफुला म्हणाली. "मी उठली. दाराच्या फटीतून एक हात दिसला. बोटात पोवळ्याची अंगठी. त्या हातानं बाहेरून कडी लावली."

पोवळ्याची अंगठी गावात एकाच माणसाच्या बोटात होती.

तिने दार बडवलं. हाताची सालटं निघेपर्यंत बडवलं. हाक काही मारता येईना, कारण बाकी सगळे बँडमागे, ऐकणारा एकटा भासरा, आणि हाक मारायची तर त्याच्या नावाने मारायची. वरातीची बैलगाडी गावाबाहेर गेल्यावर कुणीतरी दार उघडलं. पाहुण्यांत कुजबुज झाली तेव्हा रुपराव चौकटीकडे पाहून, जणू चौकटीशीच बोलतोय असा म्हणाला, "हाक मारली असती तं उघडलं असतं." आणि ओसरीवरचे सगळे पुरुष खो खो हसले. त्यांना त्यातली गंमत कळली होती ना.

शामलाला त्याने काय सांगितलं? "तुही माय रुसून बसली वं. येत नाही म्हणाली." शामलाने ते खरं मानलं. पहिल्या दिवाळीला ती आईकडे आली नाही. पुढे येऊ लागली, पण काही वाजलं की तोंडावर फेकायची, "तू तर मला वाटेला लावायलासुद्धा बाहेर आली नाहीस." पंचफुलाने खरं काय ते सांगितलं तर म्हणाली, "मोठेबाबा कशाला कडी लावतील? काहीही सांगू नको."

"तिले वाढवलं ना त्यानं," पंचफुला मला म्हणाली. "माह्या तोंडानं ते खरं होत नाही. त्याच्याच तोंडातून काढीन एक दिवस. आन कडीच्या आतून काढीन." मग सुपातला एक खडा उचलून तिने गटारात फेकला.

लग्नाला दहा-अकरा वर्षं होऊन गेली. शहाऐंशीच्या जानेवारीत रुपरावाने यात्रेची बस काढली. तीन नातींवर नातू झाला होता आणि त्याने द्वारकेला ध्वजा बोलली होती. देवळाच्या शिखरावर चढवायची ती लांबलचक ध्वजा घडी करून डोक्यावर घ्यायची, वाजतगाजत देवळापर्यंत न्यायची, हा मोठा मान. काटोलपासून सावनेरपर्यंत त्याने ही बातमी केली. गावातली माणसं बसमध्ये भरली, फोटो काढायला एक कॅमेरावालाही घेतला. स्वयंपाकाला कोण? तर पंचफुला. "घरची बाई हाय, मजुरी द्या लागत नाही," असं तो चारचौघांत बोलला ते तिच्या कानावर आलं. ती लगेच हो म्हणाली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. एक सीट रिकामी होती, तिच्यावर मी गेले. मला द्वारकेची ओढ नव्हती. पण जामनगरच्या पुढे समुद्राचं अभयारण्य केलंय, ओहोटीला तिथे प्रवाळांवरून चालता येतं, असं वर्तमानपत्रात वाचलं होतं. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकले ते सगळं फॉर्मॅलिनच्या बाटल्यांतून. म्हटलं, मरायच्या आत एखादा तारामासा जिवंत पाहून घ्यावा. जामनगरच्या वनखात्याकडून सगळ्यांची परवानगी मीच काढली.

वाटेत ओंकारेश्वरला रुपरावाने नर्मदेतला गोटा उचलून पिशवीत टाकला. आपल्याकडे हे करतातच. ज्या नदीवर जाल तिथला एक गोटा देवघरात. मी लक्ष दिलं नाही. पंचफुलाने दिलं असावं.

जामनगरला तळ्याकाठच्या धर्मशाळेत उतरलो. शेजारच्या हनुमानाच्या देवळात अखंड रामधून चालू होती, पाळ्या लावून रात्रंदिवस गातात. भागीरथेने बांधणीच्या साड्या उलथ्यापालथ्या करून दुकानदाराचा जीव खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी अभयारण्य, दुपारी बस द्वारकेला, आणि दिवेलागणीच्या आधी ध्वजा, असा बेत ठरला.

सकाळी खाडीकाठी बस उभी राहिली. आमच्यातल्या एकानेही जन्मात समुद्र पाहिला नव्हता, मीसुद्धा नाही. समोर मैलभर चिखल, खडक, मध्ये मध्ये डबकी आणि कडेला तिवरांची हिरवी झुडपं. पाणी कुठेच नाही.

रुपराव कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "काय हो बाई," तो मला म्हणाला, "तुमचा समुद्र तं आटला."

सगळी बस हसली. वनखात्याचा रखवालदार होता जुसबभाई नावाचा, दाढीवाला, गुडघ्यापर्यंत लेंगा दुमडलेला. तो म्हणाला, "गया है, साहब. आएगा. रोज़ जाता है, रोज़ आता है."

"अन् मंग आमी चालून राहिलो तवाच आला तं?"

"मैं पहले बुलाऊँगा. और एक बात सब सुन लो. देखना सब, उठाना कुछ नहीं. पत्थर भी नहीं, सीप भी नहीं. ये जंगल है, बस पानी के अंदर है."

आम्ही दोन तास त्या जंगलात हिंडलो. मी वर्णनं करत बसणार नाही. पण गावातल्या बायका, ज्यांनी कन्हान नदीपलीकडे पाणी पाहिलं नव्हतं, त्या डबक्याभोवती उकिडव्या बसून किंचाळत होत्या ते मला अजून आठवतं. पाण्यातलं फूल बोट जवळ नेताच मिटत होतं. खडकाचा एक तुकडा चालायला लागला, तो अष्टपाद निघाला आणि बघता बघता तपकिरीचा पांढुरका झाला. जुसबभाईने ओंजळीत एक मासा धरला, तर तो रागाने फुगून चेंडू झाला. "भागीरथाबाई जशी," कुणीतरी मागून म्हणालं. त्याने हलकेच पाण्यात सोडला, तर फुसकन सुटून पळाला.

पंचफुला कासोटा घालून सगळ्यांच्या पुढे. रुपराव असेल त्या बाजूला पदर ओढलेला, दुसऱ्या बाजूने डोळे टक्क उघडे. ती जुसबभाईला सोडेच ना. पाणी कुठून येते, किती येते, कुठं थांबते. काठावर त्याची चौकी होती, उंच जोत्यावर विटांची एक खोली, समुद्राकडे एक खिडकी. तिच्या पायऱ्यांकडे त्याने बोट दाखवलं. तिसऱ्या पायरीवर शेवाळाची हिरवी रेघ होती. "यहाँ तक. इसके ऊपर सिर्फ़ तूफ़ान में." पंचफुलाने ती रेघ वाकून पाहिली, बोटाने चोळूनही पाहिली.

परतायची हाक झाली तेव्हा आम्ही काठाकडे निघालो. रुपराव थोडा मागे राहिला. एका डबक्यात वाकला. मी पाहिलं, भागीरथेने पाहिलं, आणखी दोघांतिघांनी पाहिलं. मुठीएवढा शंख होता. त्याने तो उपरण्यात गुंडाळला आणि कोटाच्या आत कमरेला खोचला. त्याच्या हिशेबाने ते देवाचं देणं होतं. नर्मदेचा गोटा, समुद्राचा शंख. शंखात कुणी राहतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. देवघरातला शंख त्याने आजवर रिकामाच पाहिलेला.

चौकीपाशी जुसबभाईने सगळ्यांना थांबवलं. "किसी ने कुछ उठाया?"

मोठ्या माणसाचं नाव कोण घेणार? पुरुष पायाकडे पाहू लागले. भागीरथा आकाशाकडे. मी बोलणारच होते, मला कसली भीड? पण पंचफुलाने माझा दंड धरला. इतका घट्ट की दोन दिवस वळ राहिला. मग तिने डोक्यावरचा पदर मागे सारला, पुढे झाली, आणि वॉर्डाच्या दारातल्या त्या आवाजात म्हणाली,

"रुपराव महादेवराव भोयर!"

तिवरांतले बगळे उडाले.

चोरी पकडली गेली याचं कुणाला काहीच वाटलं नाही. भागीरथेने तोंडावर हात घेतला. "अवं माय! नाव घेतलं! भासऱ्याचं घेतलं, सासऱ्याचंबी घेतलं इनं!"

"दोघायचं घेतलं," पंचफुला म्हणाली. "कोटात पाहा, भाई. कमरेले."

रुपराव लालबुंद झाला. "हे बाई येडी हाय. मी सरपंच होतो, सरपंच! मालूम आहे का?" असं म्हणत तो बसकडे चालू लागला आणि मधेच "अरे बाप्पा!" करून उडाला. शंखातला रहिवासी बाहेर आला होता. मऊ, थंड, ओला असा तो रुपरावाच्या पोटावरून फिरत होता. त्याने कोट झटकला, उपरणं सुटलं, आणि शंख जुसबभाईच्या पायाशी पडला. जुसबभाईने तो उचलून परत डबक्यात नेऊन ठेवला. एवढ्या वेळात कुणी हसायची हिंमत केली नाही. मी केली.

नियम स्पष्ट होता. मोठे साहेब येणार, दंड करणार, मग सोडणार. साहेब जामनगरला, फोन गावात, गाव सायकलवर. दुपारचे तीन तरी होणार. आणि बसला तर आत्ता निघायला हवं, नाहीतर ध्वजेची वेळ चुकते.

भागीरथा पंचफुलापुढे येऊन उभी राहिली. "सांग ना त्याले, तुहीच चूक झाली म्हणून. तुले द्वारकेत साडी घेतो."

"कोणती साडी? पांढरी का?"

भागीरथा नवऱ्याकडे वळली, थोडा विचार केला, आणि म्हणाली, "तुमी मागून या. नातवाच्या नावाची ध्वजा हाय. ते कशी चुकवावं?" आणि ध्वजेचं गाठोडं छातीशी धरून बसमध्ये चढली. तिच्यामागे तिचा भाऊ, कॅमेरावाला आणि अख्खं गाव. बस धूळ उडवत गेली. रुपराव तिच्याकडे पाहतच राहिला.

पंचफुला बसमध्ये चढली नाही. मी म्हटलं, "चल, तुला द्वारका पाहायची होती ना?"

"देव कुठं पळून जाते, बाई? हा माणूस उद्या सुटून जाईन." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तुमी थांबा. तुमी शिकल्या हाव, तुमच्या तोंडचं लोक खरं मानतेत. मले एक साक्षीदार पाहिजे." म्हणून मी थांबले.

जुसबभाई रुपरावाला म्हणाला, "अंदर बैठो, चाचा, धूप है. चारपाई है, मटका है." आम्हाला म्हणाला, "ज़रा ध्यान रखना, भागे नहीं." आणि सायकलवर टांग टाकून गेला. दार उघडंच होतं. रुपराव आत जाऊन खाटेवर पालथा पडला. पंचफुला उठली, चार पायऱ्या चढली, दार ओढलं आणि बाहेरून कडी लावली. सावकाश. लोखंड लोखंडावर घासल्याचा आवाज पुरता ऐकून घेतला. मग वरच्या पायरीवर येऊन बसली आणि शिदोरी सोडली. आम्ही भाकर खाल्ली.

पाणी कधी आलं ते कळलंच नाही. मला वाटलं होतं लाटा येतील, गर्जना होईल. तसलं काही नाही. तिवरांच्या मुळांमधून एक चकाकी सरकत आली, डबकी एकमेकांना मिळाली, आणि सकाळी ज्या खडकांवर आम्ही हिंडलो ते एकेक करून नाहीसे झाले. तासाभरात चौकीच्या तिन्ही बाजूंना पाणी. पहिली पायरी बुडाली. मग दुसरी.

आत खाट करकरली. रुपराव खिडकीशी गेला असणार. मग दारावर थाप.

"कोणी हाय का?"

पंचफुलाने भाकरीचा तुकडा मोडला.

"अरे, कडी कोणं लावली? पाणी येऊन राहिलं! उत्तराबाई! ओ उत्तराबाई!"

माझं नाव ऐकून मी उठायला लागले. पंचफुला म्हणाली, "बसा." मी बसले. त्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

दार आता दणदणत होतं. "अवं, कोण हाय बाहेर? शामलाची माय हाय का? अवं चंद्रभानच्या घरचे!" आवाज चिरकायला लागला. नदीकाठचा माणूस तो. चढणारं पाणी म्हणजे पूर, आणि पूर कुठे थांबतो हे पूर ओसरल्यावरच कळतं, एवढंच त्याला ठाऊक. "पंचफुला!" तो ओरडला. तीस वर्षांत त्याने तिला पहिल्यांदा नावाने हाक मारली. "पंचफुला! दार उघड!"

ती उठली आणि दाराला तोंड लावून, अगदी शांतपणे बोलली. "हाक आली. आयकू आली. पण हाक मारल्यानं दार उघडते, हे कोणं सांगतलं तुमाले?"

आतून उत्तर आलं, "थे जुनं कायले काढून राहिली? इथं जीव जाऊन राहिला!"

"जीवाले वेळ हाय. माह्या शामलाच्या लग्नात कोठीची कडी कोणं लावली?"

"मले काय माहीत?"

"मंग बसा." ती परत येऊन बसली. तिसऱ्या पायरीला पाणी लागलं.

"मीनं लावली!" आतून किंकाळीच आली. "मीनं लावली, बाप्पा! मीनं!"

"काहून?"

"अपशकुन होईन म्हणून. पाव्हणे काय म्हणतीन म्हणून. पोरीचं लग्न होतं."

"पोरगी माही होती. तिले काय सांगतलं मंग?"

"का... का तू रुसली."

"रुसली होती का मी?"

"नाही."

"मोठ्यानं बोला. समुद्राचा लई आवाज होऊन राहिला." समुद्राचा काहीच आवाज होत नव्हता.

"नव्हती रुसली! दार वाजवून राहिली होती तू! मले आयकू येत होतं! सगळं आयकू येत होतं!"

पंचफुलाने माझ्याकडे पाहिलं. "आयकलं, बाई?"

"ऐकलं," मी म्हटलं.

"आता तं उघड," आतून आवाज आला. तो रडत होता.

पंचफुलाने कमरेची चंची काढली, चिमूटभर तंबाखू हातावर घेतली, चुना लावला, मळली, तोंडात टाकली. कडीला हात लावला नाही. पाणी तिसऱ्या पायरीच्या हिरव्या रेघेपर्यंत आलं, थोडा वेळ तिथे डुचमळलं आणि थांबलं. ती चौथीवर, पाय कोरडे ठेवून बसली होती. आत तो दार वाजवत राहिला. पुढे पुढे थाप हळू होत गेली. कोठीत हिची झाली असेल तशीच.

साहेब आणि जुसबभाई वरच्या रस्त्याने मोटारसायकलवर आले. कडी पाहून जुसबभाई चकित झाला, पण पंचफुलाकडे एक नजर टाकून त्याने ती काढली. दार उघडल्यावर रुपराव बाहेर आला, धोतर वर धरलेलं, पोहायच्या तयारीत. समोर पाणी होतं, तिसऱ्या पायरीवर, आणि खाली उतरायला लागलेलं.

"इथपर्यंतच येते का हे?" त्याने विचारलं.

"रोज़," जुसबभाई म्हणाला. "दिन में दो बार."

रुपरावाने त्या हिरव्या रेघेकडे पाहिलं, मग पंचफुलाच्या कोरड्या पायांकडे. पुढे द्वारकेपर्यंत एसटीत तो ड्रायव्हरच्या मागे बसला, आम्ही शेवटच्या बाकावर. ध्वजा अर्थातच चढून गेली होती. ती डोक्यावर घेतलेला माणूस म्हणून भागीरथेच्या भावाचा फोटो आजही त्या घरात लागलेला आहे. दुसऱ्या दिवशी पंचफुलाने शिखराकडे मान वर करून पाहिलं. तिथे दुसऱ्याच कुणाची ध्वजा फडकत होती. "कालची उतरवली वाटते," ती म्हणाली, आणि भाजी आणायला बाजारात गेली. तीस माणसांचा स्वयंपाक बाकी होता.

नागपूरला आल्यावर मी शामलाला बोलावलं आणि ऐकलं ते शब्दाला शब्द सांगितलं. दुसऱ्याच दिवशी ती एकटी गावी गेली.

"मोठेबाबा," तिने विचारलं, "माझ्या लग्नात कोठीची कडी तुम्ही लावली होती?"

रुपराव हसून म्हणाला, "त्या उत्तराबाईचं वय झालं पोरी, तिले कमी आयकू येते. आन कडी कुठली? त्या दाराले कडी नव्हतीच कधी."

शामला उठून कोठीपाशी गेली. खरंच कडी नव्हती. चौकटीत मात्र स्क्रूची चार भोकं होती, आणि त्यांभोवती कडीच्या आकाराचं लाकूड तेवढं कोरं, बाकी सगळं धुराने काळं. तिने एका भोकात बोट घातलं तर ताजा भुसा नखाला लागला. ते बोट तिने मोठेबाबांना दाखवलं, पाणीसुद्धा न पिता निघाली आणि थेट धंतोलीत आली. पंचफुला भाकरी थापत होती. पोरीकडे पाहिलं, नखाकडे पाहिलं. ताट वाढलं.

"जेवतं का वं," ती म्हणाली, "का पाहूनच राहिली?"

इथे थांबले असते तर कथा गोड झाली असती. पण पंचफुला थांबली नाही.

अठ्ठ्याऐंशी साली रुपरावाला प्रोस्टेटच्या ऑपरेशनसाठी नागपुरात आणलं. दवाखाना धंतोलीतलाच. भागीरथेने गल्लीतून फिरून तीन खानावळी पाहिल्या. एकीत डालडा, दुसरीत मिरचीच नाही, तिसरीत माशा. शेवटी मान खाली घालून ती पंचफुलाच्या टिनाखाली उभी राहिली. मला वाटलं, आता ही तिला हाकलणार. तिने विचारलं, "किती दिवस?" आणि पीठ चाळायला घेतलं. रुपरावासाठी बिनतिखटाचं वेगळं वरण, मऊ भात, वर लिंबाची फोड. खानावळीतल्या बायका कौतुकाने म्हणायला लागल्या, "पाहा, मन मोठं लागते."

मी त्या दिवशी डब्यामागोमाग दवाखान्यात गेले. वॉर्ड गच्च भरलेला. अर्धा काटोल तालुका खाटांवर आणि उरलेला खाटांखाली. पंचफुला दारात उभी राहिली, डोक्यावरचा पदर मागे सारला.

"रुपराव महादेवराव भोयर, डबा!"

खाटेवर चादरीखाली काहीतरी आक्रसलं. सगळ्या माना वळल्या. भोयरांची धाकटी सून भासऱ्याचं आणि सासऱ्याचं नाव भर वॉर्डात पुकारते आहे, हे कळायला त्या माणसांना वेळ लागला नाही. संध्याकाळी परत तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी परत. भागीरथा दारातच डबा घ्यायला धावायची, तर पंचफुला म्हणायची, "नाही वं, नावाच्या माणसालेच देतो मी. माहा नेम हाय." टाके निघेपर्यंत दोन वेळा, न चुकता.

एकदा जिन्यात मी तिला विचारलं, "आता तरी पुरे झालं का गं?"

तिने रिकामा डबा दुसऱ्या हातात घेतला. "काहून, बाई? डबा तं गरमच नेतो."